ठमीचं शेवटचं पान

बाईंना चहा हवा होता आणि त्या 'छत्री' म्हणत होत्या.

अण्णांनी दारामागची छत्री आणून दाखवली. बाईंनी डावा हात खुर्चीवर आपटला. "छत्री! छत्री, छत्री!" अण्णांनी खिडकी उघडली, मग लावली. पंखा चालू केला, बंद केला. पाठीमागची उशी वर सरकवली, परत खाली घेतली. तेवढ्यात आत गॅसवर ठेवलेला चहा उतू गेला आणि त्याचा करपट वास बाहेर आला. बाईंचं बोट स्वयंपाकघराकडे वळलं.

"चहा होय!" अण्णा म्हणाले. "मग चहा म्हण की गं."

"हो," बाई म्हणाल्या. "छत्री."

आणि स्वतःचाच शब्द कानावर पडल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मी दारात चपला काढत होतो तो वाकलेलाच राहिलो.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. कुमुद माईणकर, म्हणजे माईणकर बाई, मिरजेच्या. आयुष्यभर बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या आणि मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या. त्यांचे यजमान अण्णा रेल्वेत गार्ड होते. चौतीस वर्षं मालगाडीच्या आणि पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यात बसून प्रवास केलेला माणूस. बायको काय लिहिते याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. विचारलं तर म्हणायचे, "ती लिहिते, मी गाड्या सोडतो. एकमेकांच्या खात्यात ढवळाढवळ नको."

बाईंची आणि माझी गाठ एका शेळीनं बांधली होती. शेळीचं नाव ठमी. माळावर चरताना ती रोज आगगाडी जाताना बघते आणि एक दिवस ही गाडी जाते तरी कुठं ते बघायला रुळाच्या कडेकडेनं निघते. बस, एवढीच गोष्ट. वाटेत तिला गँगमन भेटतो, सिग्नल भेटतो, पुलाखालची नदी भेटते. बारा पानांचं पुस्तक, दर पानावर दोन-तीन ओळी, बाकी चित्र.

या बारा पानांना आम्ही सहा वर्षं दिली. पहिल्या प्रकाशकांनी विचारलं, "शेवटी शेळी काय शिकते?" बाई म्हणाल्या, "चालायला." त्यांनी हस्तलिखित परत दिलं. दुसऱ्यांचं म्हणणं, हे वाचून मुलं रुळावर जातील. तिसऱ्यांनी पावणेदोन वर्षं ठेवून घेतलं आणि परत पाठवलं तेव्हा माझ्या नदीवर कुणीतरी कपबशी ठेवल्याचा गोल डाग होता. दर वेळी बाई सगळी गोष्ट नव्या वहीत पहिल्यापासून लिहून काढायच्या. मला म्हणायच्या, "भास्कर, तूही नवी चित्रं काढ. जुन्या चित्रांना नकाराचा वास लागलाय."

चौथे प्रकाशक पुण्याचे दिघे. त्यांनी लिहिलं, "अकरा पानं उत्तम. बारावं बसलेलं नाही. ते बसवा, मी छापतो." खरंच बसलेलं नव्हतं. ठमी शेवटी कुठं पोचते, हे बाईंनी दर वहीत वेगळं लिहिलं होतं. कधी समुद्र, कधी जत्रा, कधी दुसरी शेळी. एकही त्यांना पटलेलं नव्हतं.

जानेवारीत एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज एखाद्या मुलीसारखा.

"भास्कर, बारावं पान सापडलं."

"सांगा ना."

"फोनवर? छे. ऐकताना तुझं तोंड बघायचंय मला. उद्या शाळा सुटली की ये."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच निरोप आला. सकाळी अंघोळीला जाताना बाई पडल्या होत्या. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, उजवा पाय लुळा झाला आणि शब्द गेले.

शब्द गेले म्हणजे काय, ते मला त्याआधी माहीत नव्हतं. त्या मुक्या झाल्या नव्हत्या. आवाज होता, बोलण्याची घाई होती, फक्त जिभेवर भलताच शब्द येई. वाचताही येईना. वहीतली स्वतःची अक्षरं त्या अशा बघायच्या, जणू ती दुसऱ्याच भाषेतली आहेत. बारावं पान वहीत नव्हतंच. मी आणि अण्णांनी सगळी कपाटं, डबे, उशांचे अभ्रे, पंचांगाची मागची पानंसुद्धा धुंडाळली. बाईंनी ते कागदावर उतरवलंच नव्हतं. होतं ते त्यांच्या डोक्यात होतं, आणि आता तिथून बाहेर यायची वाट बंद झाली होती.

मी दर शनिवारी जाऊ लागलो. दर शनिवारी विचारायचो.

"बाई, ठमी समुद्रावर जाते का?"

"हो."

"की घाटात जाते?"

"हो."

"दुसरी शेळी भेटते?"

"हो, हो."

स्पीच थेरपीच्या मॅडम यायच्या, त्यांनी आम्हाला समजावलं होतं. वस्तू समोर धरली तर हवी-नको चेहऱ्यावरून कळेल. पण प्रश्न विचारला की तोंडातून 'हो'च येणार. "त्यांना नाही म्हणायचं असलं तरी हो येतं. त्या होवर जाऊ नका. महत्त्वाचं काही असेल तर उलटा प्रश्नही विचारा. दोन्हींना हो म्हणाल्या, तर उत्तर मिळालं नाही असं समजायचं."

अण्णा हे इमानदारीनं पाळायचे. "कुमुद, भात वाढू?" "हो." "नको वाढू?" "हो." मग ताट घेऊन उभे राहायचे, गाडीला सिग्नल नसल्यासारखे.

मॅडमनी डाव्या हातात पेन्सिल देऊन अक्षरं गिरवायला लावली. बाईंनी बालवाडीत हजार मुलांची बोटं धरून 'ग' गिरवून घेतला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी जमिनीवर टाकली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा पेन्सिल हातात घेतली नाही.

मे महिन्यात दिघ्यांचा फोन आला. शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकांची निवड होणार होती आणि त्यासाठी जूनच्या आत सगळी पानं त्यांच्या हातात हवी होती.

"बाई बऱ्या होईपर्यंत थांबता येणार नाही का?" मी विचारलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भास्करराव, एका वाक्याचा प्रश्न आहे. सहा वर्षं त्या शेळीबरोबर तुम्हीही चाललात. तुम्ही लिहा, बाईंना वाचून दाखवा, त्यांना चालत असेल तर पाठवा. नाहीतर हे पुस्तक कधीच होणार नाही, आणि ते मला तुमच्यापेक्षा कमी लागेल असं समजू नका."

मी लिहिलं. एका दुपारी बसून लिहिलं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. "आणि ठमी घरी आली. दार उघडंच होतं." चित्रही काढलं. तिन्हीसांजेचं घर, उघडं दार, दारातून अंगणात पडलेला पिवळा उजेड आणि उंबऱ्यावर ठमी. माझ्या हातून निघालेल्या चांगल्या चित्रांपैकी ते एक आहे, हे मी आजही म्हणेन.

शनिवारी ते घेऊन मिरजेला गेलो. अण्णा गोळ्या आणायला बाहेर निघाले होते. म्हणाले, "बस तिच्यापाशी, आलोच." मी स्टूल ओढून बाईंसमोर बसलो. पहिल्यापासून अकरा पानं वाचली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, आणि मध्येच ओठ हलायचे, आपणच वाचतोय असे. मग मी बारावं वाचलं. चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाई, असं चालेल?"

"हो," बाई म्हणाल्या.

मी चित्र उचललं, पाकिटात घातलं. अण्णा आले तेव्हा म्हणालो, "बाई हो म्हणाल्या." अण्णांनी गोळ्यांची पुडी कोनाड्यात ठेवली. "बरं झालं," ते म्हणाले. "तिच्या मनासारखं झालं म्हणजे झालं." 'बाईंची संमती आहे' अशी चिठ्ठी आत घालून परत जाताना स्टेशनबाहेरच्या पेटीत मी पाकीट टाकलं.

पुस्तक दिवाळीआधी निघालं. नाव फक्त 'ठमी'. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात लिहून आलं की शेवटची ओळ वाचताना मोठ्यांचेही डोळे पाणावतात. एका संस्थेचं पारितोषिक जाहीर झालं, त्यातही शेवटाचा खास उल्लेख. शाळांच्या यादीत पुस्तक गेलं. मला अनोळखी मुलांची पत्रं येऊ लागली, प्रत्येक पत्रात उघड्या दाराचं चित्र.

अण्णांनी बाईंना पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा मी तिथं होतो. बायकोची गोष्ट वाचायची त्यांची ती पहिलीच वेळ. स्टेशनवर सूचना वाचाव्यात तसं त्यांनी खणखणीत वाचलं. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, "घरी आणलंस की गं तिला. छान केलंस."

"हो," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

डिसेंबरात एका शनिवारी मी शाळेतून परस्पर आलो होतो. पिशवीत मुलांचे तेलखडूचे रंग होते. अण्णांशी बोलत असताना खडखड ऐकू आली. बाईंनी डाव्या हातानं पिशवी ओढून घेतली होती आणि डबी उघडायचा प्रयत्न करत होत्या. मी उघडून दिली, मांडीवर फळी ठेवली, कागद दिला.

त्यांनी काढलेला आकार बटाट्यासारखा होता. बटाट्याला चार काड्या. एका बाजूला दोन छोट्या रेघा.

"शिंगं!" अण्णा म्हणाले. "अरे, शेळी आहे!"

त्या दिवसापासून बाई रोज चित्र काढायला लागल्या. मॅडमची पेन्सिल बघून भिंतीकडे तोंड करणाऱ्या बाई तेलखडूसाठी सकाळी सातला फळीवर बोटं वाजवायच्या. चित्र काढताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात यायची, केस तोंडावर यायचे, हाक मारली तर ऐकू जायचं नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कुणाकडून काही नको असायचं.

मी मात्र त्या कागदांत बारावं पान शोधत होतो. सत्तर-ऐंशी चित्रं झाली, सगळी जवळपास सारखीच. वर अगदी लहान शेळी. तिच्या पायापासून खाली येणाऱ्या दोन रेघा, वर जवळजवळ, खाली येताना एकमेकींपासून लांब गेलेल्या. आणि खाली उजव्या कोपऱ्यात हिरवा पट्टा. रेघा रुळाच्या आहेत एवढं कळत होतं. हिरवं झाड असावं. शेळी इतकी लहान आणि इतकी वर का, ते कळत नव्हतं. डावा हात आहे, घसरत असेल, अशी मी माझी समजूत घातली. चित्रकलेचा शिक्षक ना मी!

फेब्रुवारीत, त्या आजाराला वर्ष उलटल्यावर, मी ती सगळी चित्रं जमिनीवर पसरली होती. अण्णा चष्मा लावून वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"हे झाड नव्हे, भास्कर."

"मग?"

"झेंडी आहे." त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "गार्डाच्या डब्यात मागच्या बाजूला उभं राहिलं की रूळ असेच दिसतात. पायापाशी रुंद, लांब जाऊन एक झालेले. मी दुसरं काय बघितलं आयुष्यात? आणि हात बाहेर काढून हिरवी झेंडी धरली, की ती अशी कोपऱ्यात दिसते."

मी चित्राकडे बघितलं. गाडी पुढं निघाली होती. शेळी मागं रुळावर होती, लहान होत चाललेली. आणि आपण तिला गाडीतून बघत होतो.

"एकदाच नेलं होतं तिला," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "लग्न झालं त्या साली. मिरज ते जयसिंगपूर. कायद्यात बसत नव्हतं. सबंध वाटभर मागंच बघत होती. मला म्हणाली, तुम्ही रोज सगळ्यांना मागं सोडून जाता होय?" ते खाली बसले, बाईंच्या पायाशी. "कुमुद, ही झेंडी आहे काय गं? हा मी आहे?"

"हो," बाई म्हणाल्या.

अण्णांनी चष्मा काढला. तोंडावरून हात फिरवला. मी त्यांना तेवढं मिळू द्यायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाई, हे झाड आहे का?"

"हो," बाई म्हणाल्या. तितक्याच मायेनं.

अण्णा माझ्याकडे वळले. "कशाला विचारलंस?"

"उलटं विचारायचं असतं ना. मॅडमनी सांगितलंय."

"मला माहितेय काय सांगितलंय ते." मग हळू म्हणाले, "त्या दिवशी विचारलं होतंस? वाक्याच्या वेळी?"

खाली सत्तर-ऐंशी शेळ्या पसरलेल्या होत्या. एकीलाही घर नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"विसरलास?"

"नाही, अण्णा. दुसऱ्यांदाही हो म्हणाल्या असत्या, म्हणून."

मीच बोलत गेलो, आता थांबवता येत नव्हतं. चित्र मांडीवर ठेवलं तेव्हा बाईंचा हात त्यावरून घसरून बाजूला गेला, ते मला जाणवलं होतं. चेहरा बघायचा असतो हे माहीत होतं. मी कागदाकडे बघत राहिलो. मला पुस्तक हवं होतं. सहा वर्षं झाली होती. आणि ते वाक्य माझं होतं, ते मला आवडलं होतं.

अण्णांनी एकेक चित्र गोळा करायला सुरुवात केली. कडा जुळवून गठ्ठा केला. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "राहू दे."

मग गठ्ठा फळीवर ठेवताना म्हणाले, "तिनं सहा वर्षं वाट बघितली. तुला चार महिने निघाले नाहीत."

त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मला येऊ नको म्हणाले नाहीत. पुढच्या शनिवारी चहाही दिला. पण ते वाक्य त्यांनी परत घेतलं नाही, आणि घ्यावं असं माझंही म्हणणं नाही.

मी दिघ्यांना सविस्तर लिहिलं. बाईंचं एक चित्र सोबत जोडलं. पुढच्या आवृत्तीत बारावं पान काढून तिथं हे चित्र घाला, ओळ नको, असं कळवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दिघे वाईट माणूस नव्हते. त्यांनी लिहिलं होतं की दुसरी आवृत्ती छापून शाळांमध्ये गेलीसुद्धा. मुलं शेवटची ओळ पाठ म्हणतात. या चित्राचा अर्थ तुम्ही लावता तोच आहे याची खात्री कोण देणार? "शिवाय बाईंची संमती मिळाली, असं तुम्हीच मला लेखी कळवलं होतं. ते पत्र माझ्यासमोर आहे."

मी पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. काय उत्तर देणार ते तरी? बारावं पान काय होतं हे मलाही माहीत नव्हतं. ठमी त्या रुळावर थांबली होती, की गाडीमागं पळत होती, की गार्डाची झेंडी बघून पुढं निघणार होती? अण्णांचं खरं असेलही. नवऱ्याला आपण गोष्टीत सापडावं असं वाटलं असेल, तेही असेल. पुस्तक अजून छापलं जातं. कुठल्याशा शाळेत ते वाचताना ऐकलं, की मी शेवटच्या ओळीआधी वर्गातून बाहेर येतो.

बाई त्यानंतर चार वर्षं होत्या. शब्द परत आले नाहीत. चित्रं मात्र थांबली नाहीत.

दिघ्यांचं ते पत्र घेऊन मी गेलो, तो शनिवार सांगायचा राहिला. अण्णा आत भाजी चिरत होते. बाई फळीवर वाकल्या होत्या. मी स्टुलावर बसलो, पत्र वाचून दाखवलं, आणि म्हणालो, "बाई, माझं चुकलं. मी तुम्हाला नीट विचारलंच नाही." बाईंनी मान वर केली नाही. शेळ्या त्यांनी एव्हाना सोडल्या होत्या. आता कागदावर एक मोठं काळं काहीतरी होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि त्या ते आणखी काळं करत होत्या. मी काय सांगतोय ते त्यांच्यापर्यंत पोचत होतं की नाही, देव जाणे. पोचत असेल तरी त्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्या कामात होत्या.

थोड्या वेळानं त्या थांबल्या. चित्राकडे बघितलं. मग माझ्याकडे. हातातला काळा खडू माझ्यापुढं धरला.

मला वाटलं, काढ म्हणतायत. काळं अंग बघून म्हैस असणार हे उघड होतं. मी खडू घेतला आणि वरच्या कोपऱ्यात सुरेख वळणाची दोन शिंगं काढून दिली.

बाईंनी खडू माझ्या हातातून हिसकून घेतला. शिंगांवर एक फुली मारली. पुरेशी झाली नाही असं वाटून दुसरी मारली, मग तिसरी, खडू मोडेपर्यंत. मोडका तुकडा फळीवर टाकून माझ्याकडे रोखून बघितलं. बालवाडीतल्या मुलानं दुसऱ्याच्या पाटीवर लिहिलं तर बघत असतील तसं.

"बरं," मी म्हणालो. "बरं, बाई. म्हैस नाही."

अण्णा सुरी हातात घेऊन दाराशी आले. "काय झालं रे? का हसतोयस?" आणि मग माझा चेहरा नीट बघून तसेच उभे राहिले.

बाईंनी डबीतून निळा खडू काढला होता. ते काळं काय होतं, ते त्यांनी पुरं केल्यावरही मला ओळखता आलं नाही. मी हात मांडीवर ठेवले आणि बघत बसलो.